तिसऱ्या उन्हाळ्याचे पाणी

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण आणि इंदापूर यांच्या दरम्यान वसलेले लोणी देवकर हे गाव ज्या माळावर उभे आहे, त्या माळाला शासकीय कागदांत ‘अवर्षणप्रवण’ आणि बोलण्यात ‘दुष्काळी’ म्हटले जाते; वाळवंट मात्र त्याला कोणी म्हणत नाही, आणि भूगोलाच्या दृष्टीने तसे म्हणताही येणार नाही. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला सामान्यतः वाळवंट मानतात, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने पावसाळी ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात असूनही, इंदापूर तालुक्यात साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. या पावसाचा मोठा भाग सप्टेंबरात परतीच्या वाऱ्यांबरोबर येतो, म्हणून येथील कोरडवाहू शेतकरी खरिपापेक्षा रब्बीच्या ज्वारीवर भिस्त ठेवत आला. ज्वारीला हा पाऊस पुरतो, गवतालाही पुरतो. झाडाच्या रोपाला मात्र तो पुरत नाही, कारण दसऱ्यापासून मृगापर्यंतचे सुमारे आठ महिने त्याला कोरडे काढावे लागतात आणि हातभर मातीखाली लागणाऱ्या मुरमातून मूळ खाली उतरून ओल गाठेपर्यंत असे दोन-तीन उन्हाळे जातात. या भागात झाड लावणे हे एका सकाळचे काम आहे आणि झाड जगवणे हे तीन वर्षांचे. येथील सामुदायिक वृक्षसेवेचा इतिहास या दोन कामांमधील अंतराचा इतिहास म्हणून वाचला, तरच त्यातील यश आणि अपयश यांचा काही उलगडा होतो.

‘गार्डन क्लब’ ही संस्था मूळची पाश्चात्त्य. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील अथेन्स या गावी १८९१ मध्ये काही स्त्रियांनी स्थापन केलेले मंडळ हे त्या देशातील पहिले गार्डन क्लब मानले जाते, आणि पुढे अशा मंडळांनी घरगुती बागांच्या हौसेतून बाहेर पडून शाळा, रस्ते, चौक आणि रुग्णालये यांच्या परिसरात झाडे लावण्याचे काम लोकसेवा म्हणून अंगावर घेतले. महाराष्ट्रात त्या जातीची एक फार जुनी संस्था पुण्यातच आहे. १८३० मध्ये स्थापन झालेली आणि एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था जानेवारीत भरवत असलेल्या पुष्पप्रदर्शनामुळे पुणेकरांना परिचित आहे. परंतु मुळा-मुठेच्या पाण्यावर पोसलेली ही परंपरा सोलापूर रस्त्याने पूर्वेकडे फारशी सरकली नाही, आणि सरकती तरी तिच्या गुलाबांना इंदापूरच्या माळाने आश्रय दिला असता असे वाटत नाही. येथे तेच काम निराळ्या नावांनी झाले: कधी गावकीने, कधी देवस्थानाने, कधी तरुण मंडळाने, महिला बचत गटाने किंवा महाविद्यालयाच्या शिबिराने, आणि बराच काळ तर दुष्काळी कामावरच्या मजुरांनी. त्यांपैकी कोणीही स्वतःला बागप्रेमी म्हणवून घेतले नाही. बाग हा शब्दच येथे चैनीचा नसून महसुलाचा आहे, कारण ‘बागाईत’ म्हणजे पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्याखालची जमीन आणि ‘जिराईत’ म्हणजे केवळ पावसावरची.

इंग्रजपूर्व काळात या भागात वृक्षारोपण ही प्रामुख्याने पुण्यकर्माची बाब होती. वड, पिंपळ, कडुनिंब ही झाडे वेशीजवळ, देवळापुढे, विहिरीच्या काठी लावली जात आणि त्यांच्या भोवती दगडी ओटा, म्हणजे पार, बांधला जाई. पार हे गावाचे न्यायस्थान, बाजारस्थान आणि विसाव्याचे ठिकाण असल्याने त्या झाडाची राखण वेगळी नेमावी लागत नसे, बसणारेच ती करत. पिंपळाची मुंज करण्याची चाल तर झाडाच्या संगोपनाचाच विधी आहे, कारण लावलेला पिंपळ काही वर्षे वाढून उपनयनाच्या वयाचा झाल्यावर त्याचा संस्कार होत असे आणि तोवर तो जगवणे हे लावणाऱ्या घराचे कर्तव्य समजले जाई. याच संस्कृतीत चैत्र-वैशाखात शिवलिंगावर गलंतिका टांगण्याची, म्हणजे बुडाला छिद्र असलेल्या पात्रातून थेंब थेंब पाणी ठिबकत ठेवण्याची, रीत आहे, आणि रोपाच्या बुडाशी सच्छिद्र मडके पुरून ते आठवड्यातून एकदा भरण्याची मटका पद्धत ही तिची शेतातील बहीण शोभावी इतकी दोन्हींतील कल्पना एक आहे. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाला चैत्र यात्रेत दूरच्या गावांहून कावडीने पाणी नेले जाते आणि सासवडच्या भुतोजी तेली यांच्या कावडीचा त्यात विशेष मान आहे. वर्षातील सर्वांत कोरड्या महिन्यात, सर्वांत अवघड चढावर, सामुदायिकपणे पाणी वाहून नेणे हे ज्या समाजाने भक्तीचे रूप मानले, त्याला तहानलेल्या रोपाला पाणी घालण्याचे मोल समजावून सांगण्याची गरज नव्हती. या व्यवस्थेचे गुणगान करताना मात्र तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे: पाराची सावली सर्वांसाठी आहे असे म्हटले जाई, पण पारावर बसण्याचा अधिकार सर्वांना नव्हता, आणि ज्या विहिरीच्या पाण्यावर ते झाड वाढे, त्या विहिरीला गावातील काही जातींच्या लोकांना हात लावता येत नसे.

राज्यसंस्थेची दृष्टी यापेक्षा व्यावहारिक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या राजनीतीवरील ग्रंथात, आरमारासाठी लाकूड आणताना रयतेची आंबा-फणसासारखी झाडे तोडू नयेत असे बजावले आहे, आणि त्यामागे दिलेले कारण असे की ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती दीर्घकाळ लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. लावणीचा गौरव न करता वाढवण्यातील कष्टाचा हिशेब मांडणारे मराठी गद्यातील हे एक फार जुने स्थळ होय. शिवापूरच्या आमराईतील आंबा स्वतः तोडल्याबद्दल दादोजी कोंडदेवांनी आपल्याच हाताला शिक्षा करून घ्यायचे ठरवले आणि शेवटी अंगरख्याची एक बाही आखूड ठेवली ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथाही, ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवून पाहिली तर, बाग लावण्याची नसून राखणीची कथा आहे.

इंदापूर तालुक्याचे नाव भारताच्या महसूल इतिहासात ठळकपणे येते ते १८३६ मुळे. पेशवाईच्या अस्तानंतर रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात १८२७ च्या सुमारास सुरू केलेली जमीनमोजणी आणि निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबावर ठरवलेला सारा शेतकऱ्यांना झेपला नाही. जमिनी पडीक पडल्या आणि अनेक कुळे निजामाच्या मुलखात निघून गेली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये इंदापुरात नवी पाहणी आरंभली, पुढच्या वर्षी कमी केलेला सारा तीस वर्षांसाठी ठरवून दिला, आणि येथेच रचली गेलेली ही पद्धत पुढे संपूर्ण मुंबई इलाख्यात लागू झाली. शेतकऱ्याला तिने दिलासा दिला हे खरे. पण तिने माळाकडे पाहण्याची भाषाही बदलली, आणि ही बाब वृक्षसेवेच्या इतिहासात सहसा दुर्लक्षिली जाते. ज्या जमिनीवर सारा बसतो ती लागवडीलायक, आणि जी नांगराखाली येत नाही ती ‘पडीक’, ‘पोटखराबा’ (म्हणजे शेताच्या पोटात असूनही पिकासाठी निरुपयोगी ठरवलेला खडकाळ किंवा ओढ्याचा तुकडा) किंवा ‘गायरान’ (गावाच्या गुरांसाठी राखलेले चराऊ रान) अशी विभागणी पक्की झाली. कुसळी, मारवेल आणि पवन्या या गवतांनी झाकलेला, हिवर, बोर आणि तरवड अधूनमधून उगवलेला माळ मेंढपाळाच्या लेखी भरलेले कोठार होता. महसुली नोंदवहीत तो शून्य उत्पन्नाची जमीन ठरला. ओसाड माळ हिरवा करण्याची जी हाक पुढे दीडशे वर्षे दिली गेली, तिचा उगम निसर्गात नसून या नोंदवहीत आहे.

रेल्वेने या विभागणीत भर घातली. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा १८५८ मध्ये भिगवणजवळच्या डिकसळपर्यंत पोहोचला, आणि लोहमार्गाला तसेच वाढत्या शहरांना लागणाऱ्या लाकूडफाट्याने आसपासच्या झाडीवर ताण पडला. भीमेच्या काठची बाभूळबने सरकारने पुढे राखीव केली ती पक्ष्यांसाठी नव्हे, तर इंधनासाठी आणि शेतीच्या अवजारांना लागणाऱ्या लाकडासाठी. १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला तेव्हा सरकारने मजुरीची कामे काढली, त्यांतील सर्वांत मोठ्या परिणामाचे काम म्हणजे नीरेचा डावा कालवा. १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी खेळू लागले आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांची दक्षिण बाजू पालटली. या पाण्यामागोमाग सासवडकडील माळी कुटुंबे आली. ऊस, भाजीपाला, फळझाडे करण्याचे पिढीजात ज्ञान त्यांनी नव्या बागाईतात आणले आणि यांतील काहींनी पुढे अकलूजजवळ माळीनगर वसवले. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंब येथील माळावर साखर कारखाना आणि त्याच्याभोवती वालचंदनगर ही वसाहत उभारली. एका तालुक्यात अशा रीतीने दोन इंदापूर निर्माण झाले: कालव्याखालचे, जेथे झाड आपोआप जगते, आणि महामार्गालगतच्या उत्तरेकडील माळाचे, जेथे झाडाला कोणीतरी पाणी घालावे लागते. लोणी देवकरचा माळ या दुसऱ्या इंदापुरातला.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैचा पहिला आठवडा वृक्षारोपणाचा म्हणून ठरला. शाळेची प्रभातफेरी, पाहुण्यांच्या हस्ते पहिले रोप, नारळ, भाषण आणि खाऊ असा त्याचा साचा गावोगाव रुजला, रोपे मात्र तेवढी रुजली नाहीत. ‘दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे झाड’ हा महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येणारा विनोद याच काळाची देणगी आहे. त्यातील उपहास अधिकाऱ्यांवर असला तरी खरा दोष पंचांगाचा होता: दिल्लीत किंवा कोकणात जुलैचा पहिला आठवडा भरपावसाचा असतो, तर इंदापुरात त्या वेळी आभाळ येते आणि वारा ते पुढे घेऊन जातो. ज्यांनी येथे जून-जुलैत केवळ खड्डे घेऊन ठेवले आणि परतीच्या पावसाची चाहूल लागल्यावर रोप लावले, त्यांची झाडे अधिक जगली.

या माळावर सामुदायिक श्रमाचे स्वरूप खऱ्या अर्थाने बदलले ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. बारामती परिसरात ‘कासा’ या ख्रिस्ती मदतसंस्थेने पुरवलेल्या धान्याच्या मोबदल्यात पाझर तलावांची कामे सुरू झाली. पाझर तलाव म्हणजे कालवा न काढता केवळ पाणी अडवून ते जमिनीत मुरवणारा आणि खालच्या विहिरींना जिवंत करणारा बांध. १९६७ मध्ये बारामतीतून विधानसभेवर गेलेले शरद पवार आणि त्यांचे बंधू, कृषितज्ज्ञ आप्पासाहेब पवार, यांनी या कामाला गती दिली, आणि त्यातूनच १९७१ मध्ये बारामतीचा ‘ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट’ उभा राहिला. पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ आला. खडी फोडणारे, ताली घालणारे, तलावाच्या भरावावर पाट्या टाकणारे लाखो मजूर, त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया, आणि त्यांना मिळणारे सुकडीचे कोरडे खाद्य व लाल मिलो ज्वारी ही त्या पिढीची आठवण आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारलेली रोजगार हमी योजना या काळात राज्यभर पसरली, तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कामांना वृक्षसेवा म्हणण्याची पद्धत नाही, कारण येथे हौस नव्हती, भूक होती. तरीही या माळावर पुढे जी झाडी वाढली तिचे पाणी याच बांधांच्या पोटात मुरले. हौसेने लावलेल्या रोपांची छायाचित्रे निघाली आणि सक्तीने उचललेल्या मातीची निघाली नाहीत, एवढ्यावरून श्रेयाची वाटणी करणे इतिहासाला शोभणारे नाही.

रोजगार हमीशी १९९० मध्ये फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हा शासनाने प्रथमच झाड लावण्याइतकेच महत्त्व झाड जगण्याला दिले. बोर, डाळिंब, सीताफळ, चिंच, आवळा अशा कोरडवाहू फळझाडांसाठी शेतकऱ्याला शंभर टक्के अनुदान मिळे, पण ते एकरकमी नसून तीन वर्षांत विभागलेले असे आणि पुढचा हप्ता जिवंत झाडांच्या संख्येवर अवलंबून राही. तिसऱ्या उन्हाळ्याचे गणित अशा प्रकारे शासकीय निर्णयात आले आणि त्याचा परिणामही दिसला: इंदापूरचे नाव पुढे डाळिंब आणि पेरूच्या बाजारात घेतले जाऊ लागले. ही झाडे मात्र खासगी होती. ज्याच्या सातबाऱ्यावर झाड, तो त्याला पाणी घालतो, हा नियम सिद्ध झाला. गायरानातील, शाळेच्या आवारातील, रस्त्याकडेच्या झाडाला पाणी कोणी घालावे, हा प्रश्न जागच्या जागी राहिला.

याआधीच उत्तरेकडे उजनीचा जलाशय पसरला होता. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने भीमाकाठची गावे आपल्या पोटात घेतली. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर अजूनही जलाशय आटला की पाण्यातून वर येते आणि लोक होडीने त्याच्या दर्शनाला जातात. गावठाण उठले की घरांचे साहित्य बैलगाडीत घालून नेता येते, पार नेता येत नाही. नव्या गावठाणांत आखीव रस्ते होते, प्लॉट होते, सावली नव्हती; आज तेथे जे कडुनिंब आणि वड दिसतात ते कोणत्याही योजनेशिवाय, देवळाची पुन्हा प्रतिष्ठापना करताना किंवा घरापुढे सांडपाण्यावर वाढवलेले आहेत. मोरीचे पाणी ज्या झाडाकडे वळवले आहे ते झाड या भागात हमखास जगते, ही साधी गोष्ट अनेक आराखड्यांनी विचारात घेतली नाही.

१९८२ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले. वनखात्याच्या हद्दीबाहेर, म्हणजे गायराने, रस्ते, कालव्याचे काठ आणि खासगी बांध यांवर, लोकांच्या सहभागाने जळण-चाऱ्याची झाडे वाढवणे हा त्याचा उद्देश होता. शाळा आणि महिला मंडळांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत रोपे तयार करून द्यायची आणि खात्याने ती विकत घ्यायची ही कल्पना चांगली होती, आणि अनेक बायकांच्या हाती स्वतःची म्हणता येईल अशी कमाई त्यातून आली. झाडांची निवड मात्र टिकाव आणि वेग या दोनच कसोट्यांवर झाली: सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प. यांपैकी गिरिपुष्पाला शेळी तोंड लावत नाही म्हणून राखणीचा खर्च वाचे, पण ज्या झाडाला शेळी तोंड लावत नाही त्याबद्दल शेळीपाळाला आस्था का वाटावी, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. खात्याची पद्धत अशी की साधारण तीन वर्षांच्या संगोपनानंतर लागवड ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करायची. ज्या ग्रामपंचायतीला पाणीपट्टी वसूल करताना नाकी नऊ येतात, तिच्याकडे हजारो झाडांचे पालकत्व आले आणि राखणदाराचा पगार त्याच दिवशी थांबला. राखणीवाचून वाढणारे एकच झाड मग या माळावर सर्वत्र पसरले, ते म्हणजे वेडी बाभूळ. कोणीही समारंभाने न लावलेले हे परदेशी काटेरी झाड आज इंदापूरच्या ओढ्याकाठी सर्वांत यशस्वी ठरले आहे.

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील गावांनी याच काळात जे करून दाखवले, त्याचे मर्म झाडांच्या संख्येत नव्हते. हिवरे बाजारने १९९० नंतर स्वीकारलेल्या पंचसूत्रीत श्रमदानाबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी होती. म्हणजे गावाने लावण्याआधी राखण्याचा करार केला. तो कित्ता गिरवण्याचे प्रयत्न अनेक गावांनी केले, परंतु इंदापूर-बारामतीत त्यात एक गुंता होता. हा धनगरांचा मुलूख आहे. लोणी देवकरजवळच्या रुई येथील बाबीरबुवाची यात्रा म्हणजे या समाजाचा मोठा मेळा. दिवाळीनंतर मेंढ्यांचे खांडवे घेऊन कोकणाकडे उतरणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे हे मेंढपाळ परत येतात, तेव्हा माळावर त्यांना चाऱ्याऐवजी चर आणि काटेरी तार भेटली, तर चराईबंदीचा खर्च कोण सोसतो हे वेगळे सांगावे लागत नाही. वृक्षसेवेचे पुण्य गावाला आणि तिची किंमत गावाबाहेरच्या वाड्याला, अशी वाटणी जेथे झाली तेथे झाडे फार दिवस टिकलेली नाहीत, आणि त्याचा दोष मेंढरांवर टाकून मोकळे होणे सोयीचे असले तरी न्याय्य नव्हे.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांनी महाविद्यालयीन मुलामुलींना अशा गावांत आणले; त्यांनी समतल चर खणले, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीवरील नाल्या, ज्यांत पावसाचे पाणी थांबून मुरते. शिबिर हिवाळ्यात असल्याने त्यांच्या हातून लावणीपेक्षा खोदाई आणि आळी करणे अधिक झाले, आणि ते एका अर्थी बरेच झाले. पुढे गावातील गणेश मंडळे, बचत गट आणि शाळा हे काम करू लागले. राज्य शासनाच्या २०१० मधील ‘पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजने’ने लोकसंख्येच्या प्रमाणात झाडे लावून ती जगवणाऱ्या ग्रामपंचायतीलाच निधी देण्याची अट घातली, रोजगार हमीत ‘बिहार पॅटर्न’ या नावाने ओळखली जाणारी पद्धतही आली, जिच्यात दोनशे झाडांचा एक गट काही गरजू कुटुंबांकडे सोपवून पाणी आणि राखण यांची मजुरी त्यांना वर्षानुवर्षे दिली जाते. या पद्धतीचे महत्त्व एका साध्या हिशेबाने कळते. शंभर रोपांना आठवड्यातून एकदा प्रत्येकी एक हंडा, म्हणजे सुमारे पंधरा लिटर पाणी घालायचे ठरवले तर आठवड्याला दीड हजार लिटर लागते, आणि फेब्रुवारीपासून जूनपर्यंत अशा सतराअठरा पाळ्या होतात. ज्या उन्हाळ्यात माणसांसाठीच टँकर येतो, त्या उन्हाळ्यात ही पाळी श्रमदानाच्या उत्साहावर चालत नाही. ती कोणाच्या तरी डोक्यावरून जाते, आणि ते डोके बहुधा स्त्रीचे असते. तिला मजुरी मिळाली तर झाड जगते, आणि अशी मजुरी वृक्षसेवेच्या उदात्ततेला कमीपणा आणते असे मानण्याचे कारण नाही.

२०१६ च्या १ जुलैला राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला, आणि पुढील तीन वर्षांत अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी असे वाढते आकडे ठरवून पन्नास कोटींचा कार्यक्रम राबवला गेला. शाळा, कारखाने, बँका, सहकारी संस्था, मंडळे सर्वांना उद्दिष्टे वाटून देण्यात आली. सेवेला उद्दिष्ट लागले की नोंद लावणीची होते, कारण लावणी एका दिवशी मोजता येते. मार्च २०२१ मध्ये या कार्यक्रमाच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची घोषणा विधानसभेत झाली, तेव्हा वादाचा विषय किती झाडे लावली हा जेवढा होता तेवढाच किती जगली हाही होता. योगायोग असा की त्या वेळचे वनराज्यमंत्री दत्तात्रय भरणे हे इंदापूरचेच आमदार होते.

या सर्व काळात माळाच्या बाजूने फार थोडे लोक बोलले. अमेरिकेत वृक्षारोपण दिन पहिल्यांदा साजरा झाला तो १८७२ मध्ये नेब्रास्का राज्यात, म्हणजे मूळच्या गवताळ प्रदेशातच. झाड नसलेली जमीन अपुरी आहे ही समजूत तेव्हापासून जगभर फिरत आहे. इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, लांडगा, खोकड आणि गवतात घरटी करणारे पक्षी राहतात, आणि बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले ते प्रामुख्याने चिंकाऱ्यासाठी. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य दाट जंगल नसून खुरट्या झुडपांचा गवताळ माळ आहे. अशा माळावर ओळीने गिरिपुष्प लावले की गवत सावलीने मरते आणि गवतावर जगणारे निघून जातात. वनखात्याने अलीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली असून स्थानिक तरुणच तेथे वाटाडे आहेत. पर्यटकाला ते ज्या जमिनीवरून नेतात तिला महसुली दप्तराने पावणेदोनशेहून अधिक वर्षे पडीक म्हटले होते. येथे लावायचे झाड कोणते हे ठरवण्याआधी कोठे लावायचे नाही हे ठरवणे, ही वृक्षसेवेची पुढची पायरी समजली पाहिजे, आणि भादलवाडीच्या तलावातील बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत पाहणाऱ्याला हेही पटेल की जुन्या, कोणी न मिरवलेल्या देशी झाडाची योग्यता नव्या शंभर रोपांपेक्षा अधिक असू शकते.

लोणी देवकरच्या माळावर आता महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा जुन्या रस्त्याकडेची झाडे गेली; त्यांच्या जागी दुभाजकात कण्हेर आली, जी शोभेला पुरते आणि सावलीला पुरत नाही. २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक झाल्याने वृक्षारोपणाला पैशाची नवी वाट मिळाली आहे आणि लोखंडी जाळीवर नावाची पाटी लावलेली रोपे रस्तोरस्ती दिसतात. यांहून कमी दिसणारी, पण अधिक जुनी अशी एक तरतूद महामंडळाच्या भाडेपट्ट्याच्या नमुन्यात आहे. भूखंड घेणाऱ्याने दर दोनशे चौरस मीटरला किमान एक झाड आणि रस्त्याच्या बाजूला दर पंधरा मीटरवर एक झाड वर्षभरात लावायचे, आणि ती झाडे भाडेपट्ट्याच्या संपूर्ण मुदतीत चांगल्या स्थितीत राखायची, असे त्यात लिहिलेले असते. ही मुदत पंचाण्णव वर्षांची आहे.